रांगेच्या शेवटी उभी मुलगी

माण तालुक्यातल्या एका शाळेत पोरांना शिकवायचा टीव्ही दुरुस्त करायला गेलो होतो. तिथल्या बाईंनी एकेका पोराच्या गळ्यात इंग्रजी शब्दाची पाटी अडकवून ‘माय फादर इज इन मुंबई’ या वाक्याची रांग केली होती. मेंढपाळाची एक अबोल पोर पूर्णविराम घेऊन शेवटी उभी होती.

सगळ्यांना डोळे मिटायला लावून, खडूनं माखलेलं बोट ओठांवर ठेवत बाईंनी ‘इज’वाल्या पोराला दाराआड नेलं.

“माय फादर इन मुंबई!” डोळे उघडून पोरं ओरडली.

शेवटच्या पोरीनं रांगेवरून नजर फिरवली. “बाई, येक मागं राहिलंय.”



“मेंढरांच्या मागं हीच चालती,” बाई मला हळूच म्हणाल्या. “म्हणून तर हिला शेवटी ठेवलीय.” मग तिला म्हणाल्या, “जा, आण त्याला कळपात.”

टीव्ही सुरू झाला होता. मी तो बंद केला.