ढग येऊ द्या

साहेबांना एखादं रोप दाखवून "कसं आहे?" असं विचारलं की ते आधी आभाळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "ढग येऊ द्या, मग बोलू." पुढे ते राज्यपाल झाले. राजभवन कसं वाटतंय, असं मी पत्रातून विचारलं, तर पोस्टकार्डावर तेवढंच एक वाक्य आलं. तुम्ही त्यांना बंद गळ्याच्या कोटात, फोटोत पाहिलं असेल. मी त्यांना गुडघाभर चिखलात पाहिलंय.

ऐंशी सालानंतरची ती पहिली काही वर्षं. फैजपूरच्या बाजूला एका सरकारी केंद्रात ते केळीचे शास्त्रज्ञ होते. मी त्यांचा मदतनीस, म्हणजे त्यांची वही आणि विसरलेला चष्मा सांभाळणारा माणूस. त्या मे महिन्यात त्यांनी केंद्रातली बाग तपासली, निरोगी ठरवली आणि तिचे कंद नमुन्याची बाग लावायला एका शेतकऱ्याला दिले. गाव त्या शेतकऱ्याला आबा म्हणायचं.

श्रावणात आभाळ भरून आलं, हवा गार झाली आणि आबांच्या केळीच्या पानांवर पिवळे पट्टे उमटले. याला आमच्याकडे हरण्या म्हणतात. कडक उन्हात हा रोग दडून बसतो आणि ढगाळ हवेत वर येतो. झाड उपटून गाडणं एवढाच इलाज. बघता बघता तो शेजारच्या बागांतही शिरला.

आबांच्या बायकोनं, आक्कानं, केळीच्या ओळींमध्ये काकडी लावली होती. केळी मोठी होईतो घरापुरती भाजी निघते म्हणून आमच्याकडे लावतातच. पण काकडीवरची मावा कीड हा रोग केळीवर नेऊ शकते, हे गावानं कुठूनसं ऐकलं आणि गुन्हेगार ठरवून टाकला. विहिरीवर आक्का दिसली की बायका घागरी उचलून चालू लागायच्या. शेवटी एका सकाळी तिनं सगळे वेल उपटून जाळले. आम्ही दुपारी पोहोचलो तेव्हा बांधावर नुसती राख होती.

चार दिवसांनी मारुतीच्या पारावर गाव जमलं. माणसं शेतातून तशीच आली होती, काहींच्या हातात विळे. आक्का भिंतीआड उभी होती, तोंडाला पदर लावून. जळगावहून आमचे वरिष्ठ अहवाल लिहूनच घेऊन आले होते. रोगाचं कारण, काकडी. साहेबांनी फक्त सही करायची होती.

"सही करा, विषय संपवा," वरिष्ठ हळूच म्हणाले. "नाहीतर केंद्राची अब्रू जाईल. तुमची बढतीही जाईल."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. खोटं कशाला बोलू, त्यांनी सही करावी असंच मला वाटत होतं. माझीही नोकरी तिथंच होती.

ते उठून उभे राहिले. "काकडीनं झालं असेलही. मला माहीत नाही. पण कंदांची बाग मी भर उन्हात तपासली आणि कंद निरोगी म्हणून दिले, हे मला माहीत आहे. चूक माझी आहे."

दोघंतिघं शिव्या देत पुढे सरसावले. आबा आडवे आले. "हात नका लावजा! मानूस खरं बोलून राह्यला."

पुढचे आठ दिवस साहेब गावाबरोबर झाडं उपटत होते. महिन्याभरात त्यांची साक्रीला बदली झाली. केळीच्या माणसाला डोंगरातल्या नाचणीवर, आमच्याकडच्या नागलीवर, बसवलं, म्हणजे शिक्षाच ती. पण त्या नागलीनंच त्यांना दिल्लीला नेलं आणि तिथून राजभवनात. 'ढग येऊ द्या' हे वाक्य मात्र ते आमच्या गावातूनच घेऊन गेले होते.

पंधराएक वर्षांनी ते जळगावला एका समारंभाला आले आणि अधिकाऱ्यांची त्रेधा उडवून गाड्यांचा ताफा थेट आबांच्या बागेकडे वळवला. मलाही निरोप होता. आबा तोवर गेले होते. आक्काला पोलिसांनी अडवलं, तर साहेबच चालत तिच्यापाशी गेले.

आक्कानं नमस्कार केला नाही की ख्यालीखुशाली विचारली नाही. "साहेब, तुमी तवा 'असेलही' म्हने व्हते. येवढे साल झाले, मी काकडीचं बी हातात धरलं नाही. माह्या काकडीनंच झालं का? खरं सांगजा."

हा माणूस पुराव्याशिवाय 'हो' म्हणणार नाही आणि 'नाही'ही म्हणणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. सवयीनं त्यांनी वर पाहिलं. चैत्राचं ऊन होतं, ढगाचा ठिपकाही नव्हता.

"नाही आक्का," ते म्हणाले. "तुमच्या वेलांचं पान न् पान मी तेव्हा पाहिलं होतं. निरोगी होते."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो आक्का," मी म्हणालो. "वही मीच धरली होती."

आक्का बांधावर बसली आणि लहान पोरीसारखी रडली. राज्यपाल तिच्याशेजारी मातीत बसून राहिले.

साहेब गेल्याची बातमी रेडिओवर ऐकली तेव्हा मी आक्काकडे गेलो. परसात काकडीचा मांडव होता. तिनं एक काकडी तोडून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "साहेबाले द्यायची राह्यली."

घरी येऊन मी जुनी वही काढली. त्या दुपारच्या पानावर साहेबांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'वेल जाळलेले. तपासता आले नाहीत.' ते पान मी फाडलं आणि बंबात घातलं.