उंबरपाड्याच्या खुंट्या

विहिरीतला गाळ कितीही उपसा, पुढच्या पावसात तो पुन्हा साचतोच. आमच्या पाण्याच्या खात्यातल्या किश्श्यांचंही तसंच आहे. एक सांगून मोकळा होतो न होतो, तोवर तळातून दुसरा वर येतो! दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईआधीपासून मी शहापूर-मुरबाडकडे सार्वजनिक विहिरींचा ओव्हरसियर होतो. चार महिने धो धो पाऊस आणि होळी झाली की घागरभर पाण्यासाठी डोंगर, असा हा मुलूख. डोक्याला शांतता म्हणून नव्हती. त्यातून टोकावड्याच्या वरचा उंबरपाडा तर माझ्या मानगुटीवरच बसला होता. त्या पाड्याला विहीर नव्हती, आणि ती व्हावी म्हणून माझा जीव सारखा खालीवर होत असे.

*

मुरबाडच्या कचेरीत पाऊस मोजायचं भांडं आलं. ते अंगणात उघड्यावर ठेवायचं आणि साचलेलं पाणी रोज सकाळी मोजायचं, हे मी आमचा शिपाई गणू याला समजावून दिलं. आषाढात रस्ते बंद झाले. मला चैन पडेना, म्हणून शहापुराहून चिखल तुडवत गेलो, तर भांडं कोरडं ठणठणीत! गणूनं ते पडवीत, पोत्याखाली झाकून ठेवलं होतं.

मी ओरडलोच. गणू शांतपणे म्हणाला, "सरकारी वस्तू हाय, रावसाहेब. पावसात भिजली आसती ना."

*

एका उन्हाळ्यात पटकीची साथ आली. विहिरीविहिरीत जांभळं औषध टाकत मी आणि गणू वणवण फिरत होतो. पाणी गुलाबी झालेलं बघून बायका घागरी घेऊन तशाच माघारी फिरत. एका गावात तर पाटलांनीच अडवलं. मग मी चारचौघांसमोर त्या विहिरीचं तांब्याभर पाणी घटाघटा प्यालो. आता हा पडतो का, म्हणून सगळे टक लावून बघत राहिले. मी पडलो नाही.

पुढं शेजारच्या गावचे पाटील कचेरीत हजर झाले. त्यांच्याकडे साथ नव्हती, पण औषध हवं होतं. म्हणाले, "घरात लगीन हाय. आमची पन विहीर रंगवून द्या."

*

लढाईत लोखंड मिळेना. पुष्कळ मिनतवाऱ्या केल्यावर एक हातपंप शहापूरला उतरला आणि त्याचा नळ गेला मुरबाडला! शहापूरवाले म्हणत नळ पाठवा, मुरबाडवाले म्हणत पंप पाठवा. दोन्हीकडे हेलपाटे घालून माझे पाय दुखायला लागले, पण कुणी हटेना.

शेवटी गणूनं तोड काढली. "दोगांच्या मधी विहीर खना ना, रावसाहेब."

*

आता उंबरपाडा. विहीर मंजूर करायला मोठे साहेब पुण्याहून पाहणीला येत. पावसाळ्यात वाट नाही आणि उन्हाळ्यात साहेब थंड हवेच्या ठिकाणी, म्हणून पाणीटंचाईची पाहणी व्हायची ती पौषात! तेव्हा पाड्याशेजारचा ओढा खळखळत असे. साहेब ओढ्याकडे बघत, आपल्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी घोटभर पीत, उरलेलं शिळं म्हणून फेकून देत आणि म्हणत, "मुबलक आहे. चला." विहिरीची जागा आखायला नेलेल्या खुंट्या मी दरवर्षी तशाच परत आणी. गणू त्यांना 'आपले पावने' म्हणायचा.

चैत्रात मी एकटाच तिकडे गेलो की पाड्यावरची ठमाबाई भेटायची. ओढा आटलेला असायचा आणि ती रिकामा हंडा घेऊन डोंगरावरच्या झऱ्याकडे निघालेली असायची. "मोटं साहेब कदी येनार?" एवढंच विचारायची. पौषात, असं सांगताना मला लाज वाटायची.

*

एका पौषात साहेब आले ते वाटेतच तांब्या रिकामा करून. चढ चढून घसा कोरडा पडला होता. त्यांनी पाणी मागितलं. ठमाबाईनं त्यांना आंब्याखाली घोंगडीवर बसवलं, हंडा उचलला, ओढ्यातून पाय भिजवत पलीकडे गेली आणि सरळ डोंगर चढायला लागली!

गणू लगबगीनं ओढ्याकडे निघाला, तर तिच्या सासऱ्यानं त्याला अडवलं. सून पाहुण्यासाठी पाणी आणायला गेलेली असताना दुसऱ्या कुणी दिलं, तर घराची शोभा होते, असं त्याचं म्हणणं. साहेब भिडस्त होते. शेजारी ओढा वाहतोय आणि ते ओठांवरून जीभ फिरवत बसलेत. घड्याळ काढत, बघत, खिशात ठेवत. मी उठत होतो, बसत होतो, डोंगराकडे बघत होतो.

सावल्या लांबल्या तेव्हा ठमाबाई उतरली. तिनं हंड्यातून तांब्या भरून साहेबांपुढं धरला.

"बाई, ओढा इथंच होता की," साहेब कसेबसे म्हणाले.

"तो पुसातला पानी, साहेब," ठमाबाई म्हणाली. "तुमाला चैतातला आनलाय."

साहेब घोटभर प्याले. उरलेलं फेकायला सवयीनं हात वळला आणि तसाच थांबला. मग त्यांनी तांब्या तळापर्यंत रिकामा केला, तिच्या हातात दिला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "खुंट्या आणल्यात ना?"