चांगला डोळा

कुंभारी गावाच्या कडेला पत्र्याच्या खोलीत चिमाबाई राहते. मुलगा बिरुदेव आणि सून मेंढरं घेऊन महिनोन्‌महिने बाहेर. सात वर्षांची नात सोनाली शाळेसाठी आजीपाशी. कुणाच्या कोकराचा पाय मोडला, जखम चिघळली, की लोक अजून चिमाबाईलाच हाक मारतात. पट्टी बांधावी तर तिनंच.

गेल्या वर्षी शाळेत डोळे तपासायला डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी सोनालीचा उजवा डोळा झाकून तक्ता वाचायला सांगितला, तर पोरगी गप्प. वर्गावरच्या हेमावती मॅडमना वाटलं, लाजतेय. मग चिमाबाईला बोलावणं गेलं.

"आजी, डावा डोळा आळशी झालाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चष्मा देते. आणि शाळेतून आली की रोज उजव्या डोळ्यावर पट्टी. मग डावा कामाला लागेल. हे लहानपणीच जमतं."

"व्हय की," चिमाबाई म्हणाली, आणि तिनं पट्टी लावलीही.

सोनाली पाण्याच्या हंड्यावर आदळली. शेळीच्या दाव्यात अडकून पडली. "आज्जे, काढ की. मला कायबी दिसंना."

गुडघा फुटला त्या दिवशी चिमाबाईनं पट्टी उचकटली. शेजारच्या गंगम्माला म्हणाली, "धडधाकट डोळा बांधून ठिवलाय बघ. दुखणं एकीकडं, पट्टी एकीकडं. बाई घाईत चुकली आसंल."

"डॉक्टरला तू शिकवतीस व्हय?"

"लंगडं कोकरू आणलं तर मी कुटला पाय बांधती गं?"

पट्टी डाव्या डोळ्यावर गेली. सोनाली खुशीत खेळायला पळाली.

चिमाबाईनं एक दिवस चुकवला नाही. मधली तपासणी सोलापुरात होती, तिकडं मात्र गेली नाही. पोरगी पडत न्हाय, रडत न्हाय, मग कशाला? पट्ट्या शाळेतून मिळायच्या. "लावतेस ना गं?" मॅडम विचारायच्या. "रोज," सोनाली सांगायची, आणि ते खरंच होतं.

यंदा डॉक्टरीणबाई परत आल्या. तपासलं, पुन्हा तपासलं.

"पट्टी कुठल्या डोळ्याला लावता, आजी?"

चिमाबाईनं कौतुकानं नातीच्या डाव्या डोळ्याखालचा चिकटपट्टीचा वळ दाखवला.

बाई रागावल्या नाहीत. तेच चिमाबाईला लागलं.

"चांगला डोळा झाकायचा होता, आजी. म्हणजे आळशाला बघावंच लागलं असतं. आपण वर्षभर त्यालाच निजवलं."

"मग आता?"

"आता उजव्याला लावू. पण किती दिसेल, सांगता येत नाही."

"मीही कधी विचारलं नाही, कुठल्या डोळ्याला," हेमावती मॅडम पुटपुटल्या. चिमाबाईनं ते ऐकलं नाही. ती नातीच्या गालावरचा वळ अंगठ्यानं पुसत होती.

आता उजवा डोळा झाकला जातो. सोनाली धडपडते, ओरबाडते, शिव्या देते. चिमाबाई पट्टी काढत नाही. दिवाळीनंतरच्या तपासणीतही फरक दिसला नाही, तरी रोज दारात नातीला समोर बसवून वस्तू धरते.

"हे काय हाय?"

"वाटी आसंल."

"आन्‌ हे?"

"ठाव न्हाय."

"बरं. मी काय करती, सांग."

सोनालीनं हात पुढं करून आजीचं तोंड चाचपलं. बोटं ओली झाली.

"रडतीयास."

"हात लावून न्हाय," चिमाबाईनं तिचा हात धरून खाली ठेवला. "बघून सांग."

सोनाली बघत राहिली.

"दिसंना, आज्जे."