तिने सांगितलेले शेवट

होटगी स्टेशनवरची ड्युटी संपवून मी संध्याकाळच्या गाडीने सोलापूरला घरी यायचो, तेव्हा टीव्हीवरची पोलिसांची मालिका नुकतीच संपलेली असायची. बायको ताटात गरम भाकरी टाकायची आणि त्या दिवशीचा भाग सांगायला बसायची. वर्षानुवर्षं हेच. मालिकेतला साहेब म्हातारा झाला, हवालदार बदलले, आमची मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, तरी आमच्या जेवणाला रोज नवा खून असायचाच.

बायको मंगळवेढ्याची. पोलिसांनाही गावाकडची बोली बोलायला लावायची. "साहेब म्हनला, खरं सांग, न्हाईतर लई मार खाशील!" मग गुन्हेगार सापडायचा, आणि मयताच्या आईचे पाय धरून रडायचा. कधी कधी तर मेलेला माणूस मेलेलाच नसायचा.

मी म्हणायचो, "फार बरे गुन्हेगार आहेत गं तुझे."

"मग? मानसाला पस्तावा हुतोच की."

मी स्वतः ती मालिका कधी पाहिली नाही. गरजच वाटली नाही.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. मुलगी काही दिवस राहिली आणि परतली. दुपारी घर इतकं गप्प व्हायचं, की पलीकडच्या गल्लीतले खडखडणारे यंत्रमाग बंद पडले तरी मी दचकायचो. एकदा सहज टीव्ही लावला, तर एका चॅनेलवर त्या मालिकेचे जुने भाग चालू होते. एका शिंप्याचा धाकटा भाऊ नाहीसा होतो, तो भाग. मला सगळा आठवत होता. भाऊ रागावून अक्कलकोटला मावशीकडे जाऊन बसतो आणि शिंपी त्याला नवा सदरा शिवून घेऊन जातो, असं तिने सांगितलं होतं. टीव्हीवर मात्र भाऊ विहिरीत सापडला. त्याला शिंप्यानेच ढकललं होतं. अक्कलकोटचं तर नावसुद्धा नव्हतं.

मग मी रोज पाहू लागलो. सुरुवात तिने सांगितली तशीच असायची, शेवट कधीच नाही.

बायको असताना शेजारच्या काकू आमच्याकडेच मालिका बघायला यायच्या. घरी तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी. त्यांना विचारलं.

"वहिनी शेवट कुठं बघायच्या, भाऊ?" त्या म्हणाल्या. "तुमच्या गाडीची वेळ झाली की उठायच्या तवा ठेवायला. मी एकटीच बसायचे इथं. कुणी मारलं ते सांगू का म्हटलं, तर कानावर हात ठेवायच्या. म्हणायच्या, 'सांगू नका. मी लावते शेवट.'"

संध्याकाळी मुलीला फोन करून हे सांगितलं. ती आधी हसली. मग म्हणाली, "बाबा, मला तर आईने त्यातली एकही गोष्ट कधी सांगितली नाही." मी गोळ्या घेतल्या का, असं विचारून तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी बायकोच्या तोंडून कधीच न ऐकलेला एक भाग लागला. त्यात एका रात्रपाळीच्या वॉचमनला कुणीतरी मारून टाकतं. मी शेवटाआधीच टीव्ही बंद केला आणि खानावळीचा डबा उघडला. जेवता जेवता तिच्यासारखा शेवट लावायचा बराच प्रयत्न केला. त्याला दवाखान्यात नेलं, गावाहून त्याच्या बायकोला बोलावून घेतलं, पण तो माणूस काही डोळे उघडेना.