बाजूला ठेवलेल्या सहा साड्या

धुक्यामुळे गाडी चार तास उशिरा पोचली. ग्वाल्हेरचा किल्ला दिसेल म्हणून मी कधीपासून खिडकीला नाक लावून बसले होते, पण बाहेर सगळा पांढरा कारभार. स्टेशनवर माझा धाकटा भाऊ वसंता उभा होता. माझी बॅग हातात घेत तो म्हणाला, "ताई, उद्या मुक्ताला दुकानात तुलाच न्यावं लागेल. सुमनचा पाय प्लास्टरमध्ये आहे आणि मला सुट्टी मिळून नाही राहिली."

साताऱ्याहून मी किल्ला बघायला आणि गजक (तिळगुळाची खुसखुशीत वडी) खायला आले होते. आल्या आल्या ही जबाबदारी गळ्यात पडली.

मुक्ता ही वसंता आणि त्याची बायको सुमन यांची मुलगी, वय सव्वीस. अक्षरं आणि आकडे तिच्या डोक्यात टिकत नाहीत. ती लहान असताना एका मे महिन्यात मी तिला बाराखडी शिकवायला बसले. शाळेत भल्याभल्या कार्ट्यांना वठणीवर आणल्याचा मला तोरा होता. पंधरा दिवसांत मी हात टेकले आणि "हिच्याकडून काही व्हायचं नाही" असं तिच्यासमोरच बोलून गेले. त्याची लाज मला अजून वाटते.

तीन ठिकाणांनी तिला कामाच्या पहिल्याच दिवशी घरी पाठवलं होतं. आता नया बाजारातल्या एका साडीच्या दुकानाचे मालक एक दिवस तिचं काम बघणार होते.

"हे पण नाही जमलं तर बस," वसंता रात्री जेवताना म्हणाला. "मग घरीच राहील. दरवेळी तिचं उतरलेलं तोंड मला नाही बघवत."

मुक्ता खाली मान घालून पोळीचे तुकडे करत राहिली.

सकाळी माधवगंजातल्या घरून मुक्ता आणि मी निघालो. कोपऱ्यावर गरम बेडई (डाळ भरलेली पुरी) आणि बटाट्याची भाजी मिळत होती. मी दोन हाणल्या. मुक्ताने एकीलाही हात लावला नाही.

"आत्या, लेट नाही ना व्हायचं आपल्याला?" असं तिने तीनदा विचारलं.

लग्नसराई होती. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गिऱ्हाइकांनी उलगडून टाकलेल्या साड्यांचा ढीग मालकांनी तिच्यासमोर लोटला. "बिटिया, जो तह थी, उसी तह पर। तह बिगड़ी तो नई साड़ी पुरानी लगती है," म्हणजे मूळची घडी मोडायची नाही, एवढं सांगून ते गल्ल्याकडे गेले.

मुक्ताचे हात हळू पण नीट चालत होते. पदर आत, काठाला काठ, मूळच्या घडीवर घडी. मी भिंतीला टेकून बसले, जरा निर्धास्त झाले. तेवढ्यात तिने एक रेशमी चंदेरी साडी उचलली, घडीवरून बोट फिरवलं आणि ती साडी चक्क वेगळ्याच घडीने दुमडून बाजूला ठेवली. मग आणखी एक. तासाभरात अशा सहा झाल्या.

काय होतंय ते मला कळलं. घरी सुमन दर हिवाळ्यात रेशमी साड्यांच्या घड्या बदलते, म्हणजे जरीचं कापड एकाच जागी दुमडून चिरत नाही. तिचा पाय मोडल्यापासून ते काम मुक्ताच करते. घरची सवय ही पोरगी दुकानात चालवत होती!

मालकांची पाठ होती. मी पटकन एक साडी ओढली, जुन्या घडीवर घातली आणि तळव्याने दाबू लागले.

"आत्या, नको," मुक्ताने माझं मनगट धरलं. "ही इथून फाटणार आहे."

"गप्प बस!" मी दटावलं आणि आणखी जोरात दाबलं.

चर्र झालं. घडीवर बोटभर चीर.

मालक वळले. त्यांनी साडी पाहिली, वेगळ्या घडीच्या बाकीच्या पाच पाहिल्या आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "यह किसने फाड़ी?"

मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिले असते तर सगळं तिच्यावर जाणार होतं, आणि खोटं कशाला सांगू, क्षणभर माझी जीभ रेटली नाही.

"मैंने," मी म्हणाले. "इसने मना किया था।"

"और इन पाँचों की तह?"

"मी केली," मुक्ता म्हणाली, मग सावरून, "मैंने की।"

"क्यों?"

तिला सांगता येईना. मी तिच्या वतीने तोंड उघडलं, तर मालकांनी हात वर करून मला थांबवलं. मुक्ताने त्यातली एक साडी उचलली, उलगडली आणि ट्यूबलाइटसमोर धरली. जुन्या घडीच्या रेघेवर कापड विरलं होतं, तिथून प्रकाश आरपार आला, केसाएवढा.

मालकांनी उरलेल्या चार धरून पाहिल्या. सगळ्यांवर तीच रेघ. मग मुक्ताने मूळच्या घडीवर ठेवलेल्या ढिगातून त्यांनी तीन-चार उपसल्या. त्यांवर काही नव्हतं.

"पिछले साल का माल है," ते स्वतःशीच म्हणाले. "इसमें से कोई दुल्हन के घर जाती तो मेरी नाक कटती." मग तिला विचारलं, "पढ़ना आता है?"

"नहीं."

"तो भाव मत बताना। ऊपर गोदाम में पूरा पुराना माल पड़ा है, कल से एक-एक देखो। पर हाथ थोड़ा तेज़ करना पड़ेगा।" आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बहनजी को साथ मत लाना."

घरी जाताना टेम्पोत, म्हणजे इथल्या शेअर रिक्षात, मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "आत्या, भूक लागली."

तीन दिवसांनी मी परत निघाले. किल्ल्यावर जाऊन आले, गजक बांधून घेतली. मुक्ता गाडीवर पोचवायला येईल असं मी धरूनच चालले होते. साडेनऊला तिने चपला घातल्या, मला वाकून नमस्कार केला. "मला नाही येता येणार. दुकान आहे," म्हणाली आणि जिना उतरून गेली.

रिक्षात मी जरा खट्टू होते. मग वाटलं, मी जन्मभर मुलांच्या वह्यांत चुकांवर लाल रेघा मारल्या. एखाद्याला काय येतं, हे थांबून बघायची सवय मला शाळेने लावली नाही आणि मीही लावून घेतली नाही.

मला बसवून द्यायला डब्यात चढलेल्या वसंताला समोरच्या बाईंनी सहज विचारलं, "बच्चे छोड़ने नहीं आए?"

"बेटी ड्यूटी पर है," वसंता म्हणाला. बाईंना नीट ऐकू गेलं होतं, तरी त्याने ते पुन्हा एकदा, सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं सांगितलं.