सरांच्या पेपरवरची टेस्ट कॉमेंट

"तू सरांच्या पेपरवर काय लिहून ठेवलंयस रे?"

सकाळी रीनाचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण होता, उरलेला अर्धा तसाच पांढरा पडला.

रीना माझी कॉलेजची मैत्रीण. बोरिवलीच्या गावठाणात राहते, मासेमारीवर पीएचडी करते. मी संशोधकांना सॉफ्टवेअर लावून देतो. तिचे पेपर रेफरन्स मॅनेजरमध्ये, म्हणजे संदर्भांच्या कपाटात. लिखाण मात्र वेगळ्या नोट्स अ‍ॅपमध्ये. पीडीएफवर पिवळं केलेलं, समासात लिहिलेलं, सगळं ती हाताने कॉपी-पेस्ट करायची.

"दोन्ही जोडून दे ना यार," आदल्या दिवशी तिच्या घरी गेलो तेव्हा ती म्हणाली होती.

"दहा मिनिटांचं काम," मी म्हणालो. माझी बहुतेक संकटं याच वाक्याने सुरू होतात.

दोन अ‍ॅपमध्ये निरोप्याचं काम करणारं प्लगइन टाकलं. मग टेस्ट. शहाणा माणूस टेस्टला स्वतःची फालतू फाइल घेतो. मी तिच्या यादीतली पहिलीच उघडली. तो तिच्या गाइडचा, मुलुंडच्या सरांचा पेपर होता. रीना आत सुरमई तळत होती. मी एक रटाळ परिच्छेद पिवळा केला आणि बाजूला लिहिलं, 'हे झोपेत लिहिलंय का?' सिंक दाबलं. कॉमेंट टुणकन नोट्समध्ये. झकास! तेवढ्यात ताट आलं आणि कॉमेंट पुसायची राहिली.

ते फोल्डर शेअर्ड होतं. त्यात लिहिलेलं सरांच्या कॉम्प्युटरवरही दिसायचं, तेसुद्धा रीनाच्या नावाने. आणि प्रबंध जमा करायला त्याच आठवड्यात सरांची सही हवी होती.

"आधी ऐक, त्यांनी खाली काय लिहिलंय." फोनवर रीनाचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. तिने वाचून दाखवलं. 'बरोबर ओळखलंस. तेव्हा ही हॉस्पिटलमध्ये होती. वॉर्डबाहेरच्या बाकावर बसून लिहायचो. परिच्छेद खरंच सैल आहे.'

दाढी अर्धवट पुसून मी मुलुंड गाठलं. सरांनी स्वतःच दार उघडलं. घरात दुसरं कोणी नव्हतं. भिंतीवर हार घातलेला एक फोटो होता. मी नजर चपलांवर ठेवली.

"सर, ती कॉमेंट रीनाची नाही, माझी आहे. सिंक चालतंय का, ते बघत होतो."

"तुम्ही यातले आहात? मासेमारीतले?"

"नाही सर. मी सॉफ्टवेअरवाला."

"मग पेपर वाचलात कशाला?"

"वाचला नाही सर. तेवढाच परिच्छेद समोर आला."

सर रागावले असते तर बरं झालं असतं. ते चष्मा पुसत राहिले.

"असं होय," ते म्हणाले. "मला वाटलं, कोणीतरी एवढं बारकाईने वाचलं."

रीनाला सही मिळाली. मी पीडीएफवरची कॉमेंट पुसली. पण ते प्लगइन नवं लिहिलेलं तेवढं पुढे नेतं, पुसल्याचा निरोप देत नाही. रीनाच्या नोट्समध्ये माझं वाक्य अजून तसंच आहे.

"पुसून देऊ?" मी विचारलं.

"लॅपटॉपला हात लावलास तर बघ!"

तेव्हापासून टेस्टला मी माझ्याच विजेच्या बिलाची पीडीएफ घेतो. सरांचा पेपर नंतर पूर्ण वाचला. बाकीचा चांगला जागेपणी लिहिलाय. हे सरांना सांगायला मुलुंडला जायचंय, पण अजून पाय उचललेला नाही.