विटेवरचा रुसवा

धुळ्यातल्या एका छोट्या संग्रहालयात काचेच्या पेटीत मातीची वीट ठेवली आहे, जेमतेम तळहाताएवढी. खरी वीट परदेशात, ही तिची नक्कल. पण हे रखवालदार रुपचंद आबा कुणाला सांगत नाहीत. तीन हजार वर्षांपूर्वी एका राजाने दुसऱ्या राजाला लिहिलेलं पत्र, एवढं सांगून ते घसा खाकरतात आणि खालच्या पाटीवरचा मजकूर रंगवून सांगतात. 'भाऊ, मी आजारी पडलो, तू विचारपुशीला माणूस धाडला नाहीस. मी फार रागावलो. मग तुझा दूत म्हणाला, देश दूर आहे, तुला कळलंच नाही. माझ्या माणसांना विचारलं, तेही म्हणाले दूर आहे. तेव्हा मी राग सोडला.'

"बघा," आबा तोंड वाकडं करून म्हणतात, "एवढा मोठा राजा, अन् रुसला कशावरून!"

आणि हे कोण म्हणतंय? रुसण्यात ज्याचा हात धरणारा धुळे-जळगावात सापडणार नाही, तो माणूस! धाकटा भाऊ प्रेमराज शिंदखेड्याला. त्याच्या मुलीच्या, दिपमालाच्या लग्नात मानाचा पहिला टोपी-टॉवेल जळगावच्या व्याह्यांना मिळाला, आबांना दुसरा. झालं! आबा भरल्या ताटावरून उठले. तेव्हापासून घरात प्रेमराजचं नाव काढायची सोय नव्हती. अहो, टोपी ती! घरी नेऊन खुंटीलाच टांगायची ना? पण आबांना आपल्या या पराक्रमाचा केवढा अभिमान.

यंदा प्रेमराजने अंथरूण धरलं. शिंदखेड्याच्या कुणीतरी बाजारात ही बातमी दिली. पुष्पाबाईंनी नवऱ्याची पिशवी भरून दाराशी ठेवली.

"जाई या. भाऊ शे तुमना."

"निरोप कोठे उना? मी मोठा शे. त्यानी माणूस धाडाले जोयजे."

पिशवी पुन्हा रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी पुष्पाबाई डबा घेऊन संग्रहालयात गेल्या, तर आबा कॉलेजच्या मुलींना राजाची फजिती सांगण्यात रंगलेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मुली गेल्यावर त्या म्हणाल्या, "त्याना भाऊ दूर व्हता. तुमना शिंदखेडाले शे. तठे यस्टी जास."

आबांनी डबा उघडला आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणाले.

पुढच्या आठवड्यात सकाळीच दारात जीप थांबली. प्रेमराजचा मुलगा ज्ञानेश्वर उतरला, आबांच्या पायाशी वाकला. "आबा, चाला. तुमले लेवाले उनू."

माणूस आला होता, गाडी आली होती, थोरल्याचा मान अगदी हवा तसा राखला गेला होता. प्रेमराज पहाटेच गेला होता.

जीपमध्ये ज्ञानेश्वर खाली मान घालून बोलला. "बापू रोज इचारे, मना भाऊ कसा उना नही? भलता राग करे. शेवटले आम्ही सांगं, आबा दूर जायेल शेतस, त्यासले ठाऊकच नही. तवय त्याना राग गया."

आबांनी टॉवेल तोंडाला लावला. आता लावून काय उपयोग? पण त्यांना हुंदका आवरेना. तेवढ्यात शिंदखेडा आलंसुद्धा. रस्ता इतका थोडका होता, की त्यांचं रडणंही अर्ध्यावरच राहिलं.